ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असताना आयुर्वेद, योग, गावठी वखद (औषध) करायचं असेल तर कसं करायचं आणि कशावर लक्ष ठेवायचं

आपल्या गोव्यात कुणाला कॅन्सर झालाय हे कळलं की घरी माणसं यायच्या आधी उपाय येतात. कुणी अमक्या गावच्या वैदाचा काढा सांगतं, कुणाच्या जावेच्या बहिणीला लक्ष्मणफळाने बरं वाटलेलं असतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर गव्हांकुराचा व्हिडिओ पाठवतं, आणि शेजारची काकी सरळ पुडीच हातात ठेवते, "घे गे बाय, ह्याचा काय त्रास नाही." मी स्वतः हार्मोन पॉझिटिव्हवाली, ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता रोजची लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी, चालू. डॉक्टर नाही, पण हे सगळे रस्ते आणि त्यांच्यावरचे खड्डे बऱ्यापैकी बघितलेत, त्यामुळे नवीन बायका विचारतात तेव्हा जे सांगते तेच इथे एकदा सविस्तर लिहितेय.

पहिलं एकच पक्कं करून घ्या. मुख्य ट्रीटमेंट तशीच चालू ठेवून वर काहीतरी जोडायचं, हा एक प्रकार. मुख्य ट्रीटमेंट सोडून दुसरंच काहीतरी करायचं, हा दुसरा. पुढचं सगळं पहिल्याबद्दल आहे, दुसऱ्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच की अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटची नोंद तपासली, ते २०१८ मध्ये छापून आलं, आणि फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांपेक्षा साडेपाच पटीहून जास्त निघाला. त्याच लोकांनी नंतर दुसराही अभ्यास केला, त्यात दोन्ही बरोबर घेणारे पेशंट होते, आणि तिथेही धोका जास्तच दिसला, कारण त्यातल्या पुष्कळांनी मध्येच ऑपरेशन किंवा केमो किंवा हार्मोनची गोळी नाकारली होती. म्हणजे काढ्यापेक्षा काढ्याच्या भरवशावर सोडलेली गोळी महागात पडते. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्याचा प्रकार.

आधी आपला कागद ओळखा

कुठलंही वखद सुरू करण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट बाहेर काढा. त्यात इआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते) आणि हर्टू (गाठीवरचं एक प्रोटीन) असं तीन गोष्टींचं पॉझिटिव्ह निगेटिव्ह लिहिलेलं असतं. इआर पीआर पॉझिटिव्ह असेल तर तुम्हाला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यातलं काहीतरी निदान ५ वर्षं असणार, कधी त्याहून जास्त. हर्टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, आणि त्याचा हार्टवर परिणाम होऊ शकतो म्हणून साधारण दर ३ महिन्यांनी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी. तिन्ही निगेटिव्ह असेल तर गोष्ट वेगळी. हे का सांगतेय, कारण एकीला चालणारी वस्तू दुसरीला चालेलच असं नाही. शतावरी, जेष्ठमध यात इस्ट्रोजेनसारखं वागणारे घटक असतात, त्यांच्या चूर्णाचा डोस हार्मोन पॉझिटिव्हवालीने डॉक्टरला न विचारता घेऊ नये, आणि बाजारात मात्र "बायकांसाठी उत्तम" म्हणून शतावरी कल्पच पुढे करतात. सोयाबीनला लोक उगाच घाबरतात, जेवणात थोडा टोफू नाहीतर सोयाबीनची भाजी खाल्ली म्हणून काही होत नाही, त्याच्या गोळ्या कॅप्सूल मात्र नकोत.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: कुठला प्रकार, कुठली स्टेज, कुठली गोळी, कधी सुरू झाली, दुसरं काय आहे, बीपी, शुगर, थायरॉइड. वहीबद्दल पुढे येतेच.

ज्याला खरोखर आधार आहे त्यापासून सुरुवात करा

गंमत बघा, ज्या गोष्टींचा अभ्यास झालाय आणि ज्यांचा फायदा दिसलाय त्या बहुतेक पोटात घ्यायच्या नाहीतच. योग, ध्यान, चालणं, अ‍ॅक्युपंक्चर. अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१८ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठीच्या अशा उपायांची मार्गदर्शक यादी मान्य केली, त्यात चिंता, उदासी, ताण यासाठी ध्यान आणि योग, केमोच्या मळमळीसाठी नेहमीच्या औषधांच्या जोडीला अ‍ॅक्युप्रेशर, असं स्पष्ट आहे. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटवर योगाचा मोठा ट्रायल केलाय, त्यामुळे "हे काय, योग काय" म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही, आणि योगाने गाठ विरघळते असं म्हणण्यातही नाही.

चालण्याचं माप आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने. मिरामारच्या किनाऱ्यावर सकाळी जा, नाहीतर घराच्या अंगणात फेऱ्या मारा, पावसात पडवीत मारा. लेट्रोझोलवाल्यांचे सकाळी सांधे जे आखडतात ना, बोटं मिटत नाहीत, पलंगावरून उतरताना म्हातारीसारखं वाटतं, त्यावर सगळ्यात स्वस्त औषध हेच. पहिले दोन आठवडे उलट जास्त दुखतं, सोडू नका. जोडीला आठवड्यातून दोनदा हलकी वजनं, पाण्याच्या बाटल्या धरून केली तरी चालतात, कारण या गोळीने हाडं पातळ होतात आणि वजन उचललं की हाडांना काम मिळतं.

या सांधेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चरचा चांगला ट्रायल झालाय, २२६ बायका होत्या, खऱ्या सुया आणि खोट्या सुया अशी तुलना केली, १२ आठवडे उपचार दिले आणि खऱ्या सुयांच्या गटात दुखणं जास्त कमी झालं. करणार असाल तर तीन अटी. सुई पाकीट फोडून नवी, तुमच्या डोळ्यासमोर. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या हाताला सुई नको. आणि केमो चालू असेल तर आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, बघायचा, पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट खाली असतील तर त्या आठवड्यात सुट्टी.

मळमळीसाठी मनगटावरचा बिंदू घरीच दाबता येतो. तळहात वर करायचा, मनगटाच्या रेषेवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवायची, तिसऱ्या बोटाच्या कडेला मधोमध दोन शिरा जाणवतात त्यांच्यामध्ये अंगठ्याने दोन तीन मिनिटं दाबायचं. आल्याचा तुकडा, आल्याचं पाणी हेही बऱ्याच जणींना बरं पडतं. पण उलटीची जी गोळी केमोच्या आधी आणि नंतर लिहून दिलेली असते ती घ्यायचीच, तिच्या बदली आलं नव्हे.

रेकी, साउंड हीलिंग, हरमल मांद्र्याकडची ती वाट्या वाजवण्याची सेशन्स, यांनी मन शांत होत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर जा बापडे. फक्त तिथला माणूस "केमो म्हणजे विष, ती बंद कर" असं म्हणाला की चप्पल घालायची आणि बाहेर.

पोटात जातं तिथे सावध

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. ज्या वस्तूचा परिणाम होतो तिचा दुष्परिणामही होऊ शकतो, आणि आपलं लिव्हर आधीच केमोची नाहीतर गोळीची हमाली करत असतं.

हळदीपासून सुरू करू. हुमणातली हळद, दुधातली चिमूटभर हळद, पातोळ्यांची पानं, खुशाल. पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल वेगळ्या, त्यात हळदीतला एकच घटक खूप पटींनी असतो आणि अंगात जास्त मुरावा म्हणून मिरीचा अर्क घातलेला असतो. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर त्याचं एंडॉक्सिफेन बनतं आणि खरं काम तेच करतं, आणि नेदरलँड्समधल्या अभ्यासात कर्क्युमिनच्या मोठ्या डोसाने, त्यातून मिरीच्या अर्काबरोबर, रक्तातलं हेच एंडॉक्सिफेन कमी झालेलं दिसलं. म्हणजे फायद्यासाठी घेतलेली कॅप्सूल आपल्याच गोळीचे पाय ओढते. शिवाय अशा कॅप्सूलींनी लिव्हरला सूज आल्याच्याही केसेस नोंदल्या गेल्यात.

गुळवेल. कोविडच्या वेळी घरोघर त्याचा काढा झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या पेशंटची माहिती छापली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद त्यांना घालू दे, आपण केमोत असताना गुळवेल पिऊन लिव्हरवर प्रयोग कशाला करायचा. अश्वगंधाचंही तसंच, लिव्हर आणि थायरॉइड दोन्हीकडे लक्ष लागतं. ग्रीन टी कपातून प्या, त्याच्या अर्काच्या गोळ्या नकोत.

भस्मं आणि रसौषधी यांच्याबाबतीत मी कडक आहे. पारा, शिसं, आर्सेनिक ही नावं ऐकून जे वाटतं ते बरोबरच वाटतं. बिनलेबलाच्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं, त्याच्या आजोबांनी सांगितलं म्हणून तो देतो. कधीकधी अशा पुड्यांत स्टिरॉइडही मिसळलेलं सापडतं, म्हणून तर दोन दिवसात "भूक लागली, अंगात जोर आला" असं वाटतं. डबीवर कंपनीचं नाव, लायसन्स नंबर, बॅच नंबर, तारीख नसेल तर ती डबी घरात ठेवू नका, मग ती देणारा कितीही भला असो.

लक्ष्मणफळ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं तर फळ म्हणून एखाद्या वेळी चाखा, त्याच्या पानांचा काढा रोज महिनोन्महिने नको, त्यातल्या एका घटकाने मेंदूच्या नसांना इजा होण्याची भीती आहे आणि माणसांमधला कॅन्सर त्याने बरा झाल्याचा पुरावा नाही. जर्दाळूच्या बियांच्या आतला गर, ज्याला बी१७ म्हणून विकतात, त्याने शरीरात सायनाइड तयार होतं, हे सरळ विषच. सीबीडी तेल हल्ली सहज मिळतं, तेही लिव्हरच्या त्याच एन्झाइमांवर बसतं ज्यांच्यावर आपली औषधं बसतात, त्यामुळे लपवून घेऊ नका.

पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब या कॅन्सरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळायचं असतं, आणि आपल्याकडचं पपनस, चवथीच्या माटोळीला बांधतो ते, त्याच कुळातलं. माटोळीला बांधा की, खायच्या आधी विचारा.

मल्टिव्हिटॅमिन आणि "अँटीऑक्सिडंट" नावाच्या गोळ्या केमोच्या काळात स्वतःहून नकोत. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र लेट्रोझोलवाल्यांना डॉक्टरच देतात, ते चालू ठेवायचं. बोटांना मुंग्या येतात म्हणून कुणी अ‍ॅसिटिल एल कार्निटिन सुचवलं तर नाही म्हणा, केमोच्या मुंग्यांवर त्याचा ट्रायल झाला तेव्हा त्रास उलट वाढला होता. उदासीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे सांगाच, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन तिच्या आड येतात, न येणारी दुसरी औषधं आहेत.

जेवणाचं काय, हा प्रश्न रोजचा. साखर बंद, दूध बंद, मासे बंद, शीत म्हणजे भात बंद, फक्त ज्यूस, असं करून केमोच्या मध्येच वजन आणि पेशी दोन्ही खाली आणलेल्या बायका बघितल्यात. पेज, शीत कढी, उसळ, अंडी, ताजे मासे, सगळं चालतं, प्रोटीन तर लागतंच. केमोत असताना कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मात्र नको, त्यातून तिसऱ्या, खुबे, कालवं नीट उकळून शिजलेली असतील तरच. उरलेलं दुसऱ्या दिवशीचं टाळा. फेणी हुर्राक याबद्दल, दारूने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो हे पक्कं आहे, "औषधापुरती" असं काही त्यात नसतं.

पंचकर्म आणि मसाज

केमो चालू असताना वमन, विरेचन, बस्ती नकोच. पांढऱ्या पेशी कमी असतात, पाणी कमी होतं, इन्फेक्शन आत जायला वाट मिळते. ट्रीटमेंट संपून रक्त सुधारल्यावर करायचं तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगून. तेल लावून हलका अभ्यंग बरा वाटतो, पण ऑपरेशनच्या बाजूचा हात, काख, छाती यावर जोराने रगडणं नको, रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर तेल लेप काही नको. हाडात आजार असेल तर पाठ कमर दाबून घेणं अजिबात नको, हाड मोडू शकतं. जळवा, कपिंग, डाग देणं, हेही त्या हाताला नको. हाताला सूज येत असेल तर तिच्यासाठी वेगळा हलका मसाज आणि बँडेज असतं, ते फिजिओथेरपीवाल्यांकडून शिकायचं.

धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं हॉस्पिटल आहे, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं, पेडण्याकडे. आयुर्वेद करायचाच असेल तर अशा ठिकाणी जा जिथे तुमची फाइल उघडून वाचतात, रक्ताचे रिपोर्ट मागतात आणि लिहून देतात. जो वैद कॅन्सरची फाइल न बघता नाडी धरून "तीन महिन्यात गाठ जाईल" म्हणतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही. १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याखाली कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा ठरतं. तेव्हा ज्याच्या बोर्डावर तसं लिहिलंय त्याने पहिल्याच ओळीत आपली ओळख करून दिली असं समजा.

देवाचं म्हणाल तर, गाऱ्हाणं घाला, नवस बोला, मीही बोललेय. पण केमो घेऊ की नको याचा कौल लावायला जाऊ नका, घरात मग दोन पार्ट्या पडतात आणि महिना त्यातच जातो.

वही

आता कामाची गोष्ट. साधी शंभर पानी वही, मोबाइलमध्ये ठेवलंत तरी चालेल, पण ओपीडीत डॉक्टरसमोर वही पटकन उघडते. नियम असा की एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करायची. सोमवारी काढा, बुधवारी कॅप्सूल, शुक्रवारी नवा ज्यूस असं केलं आणि अंगाला खाज सुटली तर कशाने ते देवही सांगणार नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

पानावर काय लिहायचं त्याचा नमुना देते, असंच लिहा म्हणून नाही, अंदाज यावा म्हणून.

"अ‍ॅक्युपंक्चर. कशासाठी: बोटं आणि गुडघे, सकाळचं आखडणं. सुरुवातीला दुखणं १० पैकी ७, आखडलेलं सुटायला पाऊण तास. सहा आठवड्यांनी परत मोजायचं. ५ च्या खाली आलं नाही तर बंद. खर्च एका वेळचा इतका. डॉक्टरना सांगितलं: हो, तारीख."

बघा, यात बंद कधी करायचं हे आधीच लिहिलंय, तेच सगळ्यात महत्त्वाचं. एकदा पैसे आणि आशा दोन्ही गुंतले की "आणखी थोडे दिवस बघू" चालूच राहतं. आधी लिहिलेलं असलं की स्वतःशीच वाद घालावा लागत नाही.

पोटात घ्यायची वस्तू असेल आणि डॉक्टरने हरकत घेतली नसेल तर सुरू करायच्या आधी एकदा लिव्हर फंक्शन, किडनीसाठी क्रिएटिनिन, सीबीसी करून घ्या, आणि चार ते सहा आठवड्यांनी परत. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन हे तीन आकडे वहीत एकाखाली एक लिहा. वर चढायला लागले, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी ती वस्तू बंद करून डॉक्टरला दाखवा. डबी किंवा पुडी बरोबर न्या, फेकू नका. ऑपरेशन ठरलेलं असेल तर निदान दोन आठवडे आधी लसणीच्या, जिन्कोच्या, फिश ऑइलच्या वगैरे गोळ्या बंद, रक्त जास्त जाऊ शकतं, भूल देणाऱ्या डॉक्टरलाही सांगायचं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही लिहा. केमोनंतर केस यावेत म्हणून पुष्कळ जणी घेतात, आणि त्याच्या मोठ्या डोसाने थायरॉइड, काही हार्मोन आणि इतर काही रक्ततपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. रक्त द्यायच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला विचारा.

तपासण्या: किती, कधी, आणि कुठल्या नको

इथे दोन टोकं असतात. एकीला बरं वाटतंय म्हणून ती फॉलोअपच सोडते, दुसरी दर महिन्याला मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) करून घेते आणि आकडा अर्ध्याने हलला की आठवडाभर झोपत नाही.

लवकरच्या स्टेजची ट्रीटमेंट पूर्ण झालेली असेल तर साधारण पद्धत अशी: पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरने हाताने तपासायचं, पुढची २ वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राम वर्षातून एकदा, रेडिएशन संपल्यावर पहिला निदान ६ महिन्यांनी. काही त्रास नसताना पेट स्कॅन आणि सीए १५-३ सारखे मार्कर रूटीन म्हणून करायची शिफारस नाही, कारण त्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही आणि खोटी घंटा मात्र वाजते. लॅबच्या फुल बॉडी पॅकेजमध्ये मार्कर घुसवलेले असतात, ते बघून घ्या.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलवाल्यांनी सुरुवातीला एक डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती घट्ट आहेत त्याची तपासणी, मग साधारण वर्षा दोन वर्षांनी. टॅमॉक्सिफेनवाल्यांनी पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल गेलं, अगदी एक डाग असला तरी, गायनॅकला दाखवायचं, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर या गोळीचा परिणाम होतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, थांबायचं नाही.

आजार पसरलेला असेल, म्हणजे चौथ्या स्टेजमध्ये कॅन्सर सोबत घेऊन जगत असाल, तर हिशोब वेगळा. तिथे दर काही महिन्यांनी स्कॅन असतो आणि मार्करही डॉक्टर बघतात, पण एकट्या मार्करवर औषध बदलत नाहीत. नवीन औषध सुरू केल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे मार्कर उगाच वर जाऊ शकतो, लिव्हरच्या दुसऱ्या त्रासानेही जातो. म्हणून एकाच लॅबमध्ये करा, आणि एका आकड्यापेक्षा तीन चार आकड्यांची दिशा बघा. काढा सुरू केला आणि मार्कर खाली आला तर तो काढ्याने आला असं लगेच म्हणू नका, त्याच महिन्यात पाल्बोसिक्लिबही चालू होतं ना. पाल्बोसिक्लिबला सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सीबीसी, रायबोसिक्लिबला त्याच्या जोडीला इसीजी, हे चुकवू नका.

पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायच्या गोष्टी: एकाच ठिकाणचं हाडाचं दुखणं जे दोन तीन आठवडे जात नाही, रात्री जास्त होतं, न जाणारा खोकला, दम, डोकेदुखी आणि उलटी, पाय अचानक लटके पडणं, काखेत किंवा टाक्यांजवळ नवी गाठ, उगाच वजन उतरणं. आणि केमोच्या काळात ताप १००.४ म्हणजे ३८ डिग्री झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीला. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, तुळशीचा काढा तर नाहीच. थर्मामीटर उशाशी ठेवा, आणि रात्री गाडी कोण काढणार हे आधीच ठरवून ठेवा, काणकोण सत्तरीवाल्यांनी तर नक्कीच.

डॉक्टरला कसं सांगायचं

गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरला वेळ थोडा, आपल्याला भीती की ओरडतील, म्हणून बहुतेक जणी गप्प बसतात. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या एका बाईला आतून विचारलं, "आनीक खंयचीं वखदां घेतात?" तर ती पटकन "कांयच ना" म्हणाली, आणि तिच्या पिशवीत तेव्हा काढ्याची बाटली होती, बाहेर येऊन मलाच दाखवली.

गोल गोल बोलू नका, एका दमात सांगा: "डॉक्टर, लेट्रोझोल रोज घेतेय, एकही चुकवली नाही. त्याच्याबरोबर हे घ्यावं असं वाटतंय, हा लेबलचा फोटो. लिव्हरला किंवा गोळीला अडचण आहे का?" पहिलं वाक्य महत्त्वाचं, गोळी चालू आहे कळलं की समोरच्याचा सूर बदलतो. लेबल नसलेल्या वस्तूबद्दल विचारलंत तर ते नाहीच म्हणणार, आणि बरोबर म्हणणार. ओरडले तर ओरडू दे, लपवण्यापेक्षा ते बरं. अगदीच बोलणं होत नसेल तर तिथल्या ज्युनिअर डॉक्टरला किंवा केमो देणाऱ्या नर्सला विचारा, त्यांना वेळही जास्त असतो आणि कोण काय पितं हे त्यांच्या कानावर जास्त येतं.

टाटाला जाणाऱ्यांनी इथले सगळे कागद, स्कॅनची सीडी, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड, वही, असं एकाच पिशवीत भरून कोकण कन्येत किंवा मांडवीत बसताना ती पिशवी सीटखाली नाही तर उशाशी ठेवायची. इथे चालू असलेले पर्यायी उपचार तिथल्या फॉर्मवरही लिहा.

पैसे

गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कुठला प्रोसिजर बसतो आणि कुठला नाही ते हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा, कार्ड रिन्यू केलेलं आहे का तेही बघा. बाहेरचे काढे, चूर्णं, हीलिंग सेशन्स यात बसत नाहीत, ते सगळं खिशातून. म्हणून महिन्याला त्यावर किती घालवायचे हा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा, आणि डेक्सा, मॅमोग्राम, इको, रक्त यांचे पैसे आधी बाजूला काढून उरलं त्यातून तो आकडा ठरवा. उलटं करणाऱ्या बायका मी बघितल्यात, पंचवीस हजारांचं पॅकेज घेतलं आणि मॅमोग्राम "पुढच्या वर्षी करू" वर गेला.

राहिली ती काकीची पुडी. ती प्रेमाने आणते, तिच्याशी वाद घालू नका, तिला गोळीचं एन्झाइम समजवायलाही बसू नका. "डॉक्टरना विचारून घेते हां काकी" म्हणायचं, पुडीचा फोटो काढायचा, कुणी दिली, कधी दिली ते वहीत टिपायचं. ती परत आली की तिला पुडीपेक्षा उपयोगाचं काहीतरी सांगा: बुधवारी माझ्याबरोबर ओपीडीला येशील का, नाहीतर केमोच्या दिवशी पोरांना शाळेतून आणशील का. माझ्याकडची काकी आता माशांची कढी घेऊन येते.